बॅग घरी ठेवून येणाऱ्या वत्सलाबाई

वत्सलाबाई गजभिये कोणाच्याही घरी पहिल्यांदा जात तेव्हा रिकाम्या हाताने जात. पोस्टाच्या बचत खात्यांची एजंट म्हटली की खांद्याला बॅग आलीच. बॅगेत फॉर्म, कार्बन, शाईची गादी, पासबुकांचा गठ्ठा. हे सगळं वत्सलाबाईंकडेही होतं, पण पहिल्या भेटीच्या दिवशी ते जबलपूरच्या कांचघर वस्तीतल्या त्यांच्या खोलीत खुंटीला टांगलेलं असे. लोकांना वाटे, बाई सहजच आल्या. चहा होई, मुलांच्या शाळेची चौकशी होई आणि निघताना चपला घालता घालता बाई विचारीत, "अच्छा, जमवलेले पैसे हातात आले त्या दिवशी सकाळी उठून काय कराल? पहिलं काम सांगा."

घर, लग्न, शिक्षण ही उत्तरं त्यांना चालत नसत. "हे तर फॉर्मवरच छापलेलं आहे. तुमचं सांगा," म्हणत. समोरचा गोंधळला की हसून म्हणत, "चलो, घाई नाही. विचार करून ठेवा, मी मंगळवारी येते." मंगळवारीही बॅग येईलच असं नसे.

मी दिनकर पाठक. जबलपुरात पन्नास वर्षं विम्याचं आणि पुढे गुंतवणूक सल्लागाराचं काम केलं. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या बहुतेक घरांत माझ्या हातचा एखादा तरी कागद निघेल. आधी माणसाला काय हवं ते विचारायचं आणि मग पैशाचं बोलायचं, ही माझी पद्धत म्हणून ओळखली जाते. मंडळाच्या अंकात तसं दोनदा छापूनही आलं आहे. ती पद्धत माझी नाही. ती वत्सलाबाईंची आहे. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांच्यासाठीही, हे लिहितो आहे.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. कांचघरला रामटेके नावाचा फिटर राहत असे. फॅक्टरीत नोकरी, मूळ गाव गोंदियाच्या पलीकडचं. राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं; पण फॅक्टरीतली आपली माणसं मनाने तिकडचीच होती. ज्याला विचाराल त्याचं एकच ठरलेलं असे. रिटायर व्हायचं, गावी घर बांधायचं आणि परत जायचं. मी त्याच बोलीवर पॉलिसी विकत असे. 'गावी आपलं घर' एवढे तीन शब्द उच्चारले की पुढचा माणूस सहीला पेन मागे.

त्या संध्याकाळी मी भरलेला फॉर्म घेऊन रामटेकेकडे गेलो, तर खाटेवर एक सावळी, किरकोळ बांध्याची, चष्मेवाली बाई बसलेली. पांढरी सुती साडी, हातात काही नाही. मला वाटलं नातेवाईक असेल.

रामटेके मला म्हणाला, "साहेब, या बाई मले इचारून राहिल्या, गावी शेवटचा कधी गेला होता म्हणून."

"मग? कधी गेला होतास?" मी फॉर्म उघडत म्हणालो.

"जयंतीले."

"त्याच्या आधी?" हा प्रश्न बाईंचा.

"पुतण्याच्या लग्नाले."

"त्याच्या आधी?"

"बाप मेला तेव्हा."

बाई म्हणाल्या, "मंग तुम्ही गाव पाहिलंच नाही, भाऊ. तुम्ही कार्यक्रम पाहिला. आता असं करा. जयंती नाही, लगीन नाही, कोणी मेलं नाही, असे बिनकामाचे पंधरा दिवस तिथं राहून या. दोघंही जा. मंग सांगा घर कुठं बांधायचं ते."

मी चिडलो. "अहो बाई, माणूस सही करायला बसलाय आणि तुम्ही त्याला फिरायला पाठवता?"

"सही पळून नाही चालली, पाठकजी," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

रामटेके नवराबायको छोट्या लाइनच्या गाडीने गेले आणि नवव्या दिवशी परत आले. फॅक्टरीच्या गेटवर त्याने मला गाठलं. "साहेब, पहिले दोन दिवस मस्त गेले. तिसऱ्या दिवशी भाऊ शेतावर, वहिनी कामावर, पोरं शाळेत. मी अन् आमची बाई दोघं ओट्यावर. दुपारी मी तिले इचारलं, काहून अशी बसली? तर म्हणते, भोंगा वाजला का ते ऐकून राहिली. घ्या! गोंदियात हिले जबलपूरच्या शिफ्टचा भोंगा पाहिजे! अन् गावातले पोरं मले रामटेके म्हणून नाही राहिले, साहेब. 'जबलपूरवाले आले' म्हणून राहिले."

माझ्या हिशेबाने गिऱ्हाईक गेलं होतं. वत्सलाबाई त्यानंतर बॅग घेऊन त्याच्याकडे गेल्या. जबलपुरातच दोन खोल्यांची जागा घ्यायची, त्यासाठी एक खातं. आणि त्याहून लहान दुसरं खातं, दर वर्षी गावी जाण्यायेण्याचं आणि वहिनीच्या लुगड्याचं. हे दुसरं खातं त्यांनी हट्टाने उघडायला लावलं. "गाव सोडू नका," त्या रामटेकेला म्हणाल्या. "राहायला नका जाऊ, पण भेटायला जात जा. त्याचेही पैसे लागतात, ते कोणी धरतच नाही."

त्या काळात असे किती जण मी पाहिले, ज्यांनी आयुष्यभराची कमाई गावच्या घरात घातली आणि त्या घराला कुलूप लावून जबलपुरात भाड्याने राहिले. त्यातल्या काहींचे कागद माझेच होते. ते वाईट हेतूने केलेले नव्हते. मी फक्त विचारलं नव्हतं.

मी पोस्टात चारचौघांसमोर त्यांना टोमणा मारला, "बाई, तुमच्या अशा धंद्यानं पोट भरतं का?"

त्यांनी पासबुकांवरची मान वर केली नाही. "माझं खातं मधेच कोणी मोडत नाही, पाठकजी. तुमच्या पॉलिस्या किती जण दुसऱ्याच वर्षी सोडून देतात?"

खिडकीतला क्लार्क हसला. आकडा मला माहीत होता.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, मला शिकवा. पतीच्या मृत्यूनंतर एजन्सी घेऊन एकटीने मुलगी वाढवणारी ती बाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनीच मोठी होती. त्या म्हणाल्या, "शिकवायचं काय आहे त्यात? उद्या संध्याकाळी माझ्यासोबत चला. बॅग घरी ठेवा." मला ते जमेना. हात रिकामे असले की ते कुठे ठेवावेत हेच कळत नसे. बाई म्हणाल्या, "हात नाही, कान घेऊन आलो आहोत आपण."

त्यांच्याबरोबर मी दोन वर्षं हिंडलो. रेल्वेतले लोखंडे आठवतात. बाईंनी विचारलं तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मुलाचं उच्च शिक्षण." आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला आणि त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "खोटं बोलून राहिले ते! फटफटी पाहिजे त्यायले. रोज त्या दुकानासमोर उभे राहतात."

लोखंडे ओशाळले. बाई मात्र खूश झाल्या. "फटफटी पाहिजे तर फटफटी म्हणा ना भैया! पोराच्या नावानं फटफटीचे पैसे जमवले तर ऐन वेळी दोन्ही फसतात. पोराचं खातं वेगळं, फटफटीचं वेगळं. अन् पोराच्या खात्याला हात लावायचा नाही, ताई, हे तुम्ही पाहा."

"मी पाहतेच," आतून उत्तर आलं. "अन् माह्यं काय? मले कोणी इचारते का?"

"तुम्हालेच विचारायला मंगळवारी येते," बाई म्हणाल्या, आणि गेल्या. लोखंडेंची फटफटी आली तेव्हा पहिली फेरी त्यांनी वत्सलाबाईंना दिली. पदर घट्ट धरून, चष्मा हातात घेऊन मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाई कांचघरच्या बाजारातून गेल्या तो थाट मी पाहिला आहे. दुकानदार उठून उभे राहत होते.

सगळीकडेच त्यांचं स्वागत होई असं नाही. एकाने दारातूनच सांगितलं, "बाई, तुम्ही पैसे जमा करायला आल्या की पोलीस चौकशीला?" त्या फार खोदून विचारीत हे खरं होतं. मीही एकदा त्यांना उलट विचारलं, "तुमचं काय हो? तुम्ही त्या दिवशी सकाळी काय करणार?" त्या लगेच म्हणाल्या, "मी शालिनीकडे जाणार. तिनं मला पैसे मागायचे नाहीत, मी तिला मागायचे नाहीत. दोघींनी नुसता चहा प्यायचा." शालिनी त्यांची मुलगी. ती पुढे शाळेत शिक्षिका झाली. दर रविवारी मायलेकी खरंच नुसता चहा पीत बसत. मला जितके श्रीमंत अशील मिळाले त्यातल्या फार थोड्यांना आपलं म्हणणं इतकं नेमकं सांगता आलं.

आता जे सांगायचं आहे ते इतकी वर्षं टाळलं.

मदन महालच्या उच्चभ्रू वस्तीत एक निवृत्त अधिकारी माझे अशील होते. आपल्याच मंडळातले, आता नाहीत. त्यांच्याकडे मी बाईंना घेऊन गेलो. बाईंनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. चहा आला. मला कपबशी, घरमालकांना कपबशी, आणि बाईंना स्टीलच्या पेल्यात. पेला हातात न देता स्टुलावर ठेवला. मी पाहिलं. बाईंनी मी पाहिल्याचं पाहिलं. आणि मी माझा चहा प्यायलो.

बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं यापुढे तुम्ही एकटेच येत जा. हा माणूस मघाशी काय बोलला ऐकलं? मुलाच्या बंगल्यासाठी सगळं देऊन टाकतो म्हणे. अन् त्याची बायको खिडकीतून बाहेर पाहत होती. तिला विचारा, पाठकजी. या घरातही कोणी तरी विचारलं पाहिजे."

अशा घरात बसून, असा चहा समोर असताना, त्यांचं लक्ष त्या बाईच्या खिडकीकडे होतं. मी पुन्हा गेलो आणि विचारलं. त्या पत्नीला मरेपर्यंत स्वतःच्या छपराखाली राहायचं होतं, आणि ते त्यांना मिळालं. त्याचं श्रेय मला मिळालं.

पुढे मदन महालच्या एका घरातून दुसऱ्या घरात माझं नाव गेलं. ऑफिस झालं, नवनव्या योजना आल्या, लोक मला सल्लागार म्हणू लागले. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलामुलीला मी पहिल्या भेटीत बॅग नेऊ दिली नाही. कोणी विचारलं, साहेब, हे तुम्हाला कसं सुचलं, तर मी नुसता हसत असे. नुसतं हसणं हेही एक उत्तर असतं.

मग मंडळाने माझा सत्कार केला. आपल्याच सभागृहात. मी बाईंना स्वतः कार्ड नेऊन दिलं. त्या शालिनीबरोबर चौथ्या रांगेत बसल्या होत्या. भाषणात मी रामटेकेची गोष्ट सांगायला घेतली. 'कांचघरच्या एक वत्सलाबाई आहेत,' असं वाक्य मी घरी लिहून आणलं होतं. पहिल्या रांगेत मदन महालची मंडळी होती. माझ्या डोळ्यांपुढे स्टुलावरचा तो पेला आला, आणि लोक एकमेकांना विचारतील, कोण बाई, कुठली, असं वाटलं. मी म्हणालो, "मी रामटेकेला म्हटलं, बिनकामाचा पंधरा दिवस राहून ये." टाळ्या पडल्या. चौथ्या रांगेतूनही पडल्या.

चहाच्या वेळी बाई माझ्याजवळ आल्या. "छान बोलले," म्हणाल्या. "पण रामटेके नवव्या दिवशी आले होते. तुम्ही सातव्या म्हणाले." आणि शालिनीचा हात धरून पायऱ्या उतरल्या. शालिनीने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही रस्त्यात भेटलो तर बोलत होतो. त्यांच्या बोलण्यात कधी धार आली नाही, त्यामुळे मला सुटकाही मिळाली नाही. शेवटी त्या आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी शालिनीच्या घरी गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, माझं चुकलं. तुमचं काम मी माझ्या नावावर खपवलं."

त्यांनी माझ्याकडे अशिलाकडे पाहावं तसं पाहिलं. "तुम्हाला नेमकं काय पाहिजे? माफी पाहिजे असेल तर ती घ्या, चहासोबत. शालू, चहा ठेव. पण माझं नाव मलाच येऊन सांगून काय फायदा? मला माहीत आहे माझं नाव. जिथं सांगायचं राहिलं तिथं सांगा."

"पुढच्या कार्यक्रमात नक्की सांगतो," मी म्हणालो.

"अच्छा," त्या म्हणाल्या. एवढंच.

पुढचा कार्यक्रम झाला. माझा घसा बसला होता. त्यानंतरच्या वेळी सूत्रसंचालकाला घाई होती. त्या वर्षीच्या थंडीत वत्सलाबाई गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला कांचघरची माणसं गल्लीच्या टोकापर्यंत उभी होती. थकलेला रामटेके मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आला होता. त्याने माझ्याकडे पाहून हात जोडले. मी त्याच्या दुप्पट वेळ हात जोडून उभा राहिलो.

गेल्या महिन्यात मंडळाने पुन्हा माझा सत्कार ठरवला, ऐंशी पूर्ण झाल्याबद्दल. मी दहा मिनिटं मागून घेतली. शालिनीला बोलावलं. ती आली, दारापाशी उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. मी उभा राहिलो आणि कागदावरून वाचलं. या पद्धतीचं श्रेय माझं नसून एका थोर बाईंचं आहे, त्यांचा उल्लेख माझ्याकडून अनवधानाने राहून गेला, अशी ती वाक्यं होती. चार दिवस खपून लिहिली होती. ज्येष्ठ मंडळींनी माना डोलावल्या. दारापाशी काही हललं नाही.

सूत्रसंचालन करणारी मुलगी आपल्याच कोणाची तरी नात होती. घरी मराठी ऐकणारी, बोलताना हिंदीत जाणारी. ती माइकवर म्हणाली, "दादाजी, हे 'अनवधानाने' म्हणजे... पीछे हम लोगों को ठीक से समझ नहीं आया. एक बार हिंदी में बता दीजिए ना, प्लीज."

हिंदीचा कागद माझ्याजवळ नव्हता. माझी हिंदी बाजारातली, फॅक्टरीच्या गेटवरची. तिच्यात मला ते मऊ शब्द सापडेनात. मी म्हणालो, "बेटा, जिस काम के लिए आप लोग मुझे हार पहना रहे हो, वो काम मेरा नहीं था. कांचघर की एक बाई ने मुझे सिखाया था. इसी हॉल में, उनके सामने, मैंने उसे अपना बताया. मैंने चुराया था. इसलिए, कि उनका नाम लेने में मुझे शरम आई."

पहिल्या रांगेत कोणी तरी खाकरलं. शालिनी दारापासून आत आली आणि शेवटच्या रांगेत बसली.

मग त्या मुलीने हातातला कार्यक्रमाचा कागद उलटा केला, पेन काढलं आणि विचारलं, "उनका पूरा नाम क्या था, दादाजी?"

"वत्सला," मी म्हणालो. "वत्सला सुखदेव गजभिये." ती लिहीत होती म्हणून सावकाश म्हणालो. आणि तिने वर पाहिलं तेव्हा मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हणालो.